मुंबईच्या उन्हाळ्यातलं पास्ता सॅलड: झुकिनी, दुधी, शिराळं आणि ताजी पानं

एप्रिल-मेमध्ये मुंबईत दुपारी बारा वाजता गॅससमोर उभं राहायची कुणाची तयारी नसते. पास्ता सॅलडचा खरा उपयोग तिथेच आहे. सकाळी शिजवायचं काम उरकायचं, वाडगा फ्रीजमध्ये सरकवायचा आणि जेवायच्या वेळी थंडगार वाढायचं. पोळ्या लाटायच्या नाहीत, कुकर लावायचा नाही.

अडचण अशी, की याच्या बहुतेक पाककृती परदेशातल्या, कोरड्या उन्हाळ्यातल्या आहेत. ‘पास्ता नळाच्या थंड पाण्याखाली धरा’ असं त्यात लिहिलेलं असतं. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात नळाला येतं तेच मुळी गरम. ‘दोन तास बाहेर मुरू द्या’ असं असतं. आपल्या ओट्यावर ३३-३४ अंशांत तो सल्ला पाळला तर पोट बिघडायचं. शिवाय भोपळ्याच्या कुळातली जवळजवळ कुठलीही भाजी घ्या, तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला मी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यायला सांगते: पाणी. भाजीतलं काढायचं, पास्त्याचं निथळायचं, पानांतलं मात्र जपायचं. हे जमलं की बाकी सगळं आपोआप जमतं.

आधी जमवाजमव (चार माणसांसाठी)

- पास्ता २५० ग्रॅम: फुसिली, पेन्ने किंवा फुलपाखरासारखा फारफाल्ले. स्पॅगेटी नको, थंड झाली की तिचा गुंता होतो
- भोपळावर्गीय भाजी अर्धा किलो: झुकिनी (काकडीसारखी दिसणारी), कोवळा दुधी, शिराळं, लाल भोपळा यांपैकी एक किंवा दोन
- ताजी पानं दोन मुठी: पुदिना, कोथिंबीर, बेझिल, पार्सली, थोडा शेपू
- तेल ४ मोठे चमचे, लिंबाचा रस २ मोठे चमचे, किंवा एक लहान कैरी
- १०० ग्रॅम पनीर किंवा फेटा चीज, मूठभर भाजलेले शेंगदाणे, पाच-सहा मिरे, मीठ
- हवा असेल तर लसणाच्या दोन पाकळ्या
- साधनं: मोठं पातेलं, मोठी चाळणी, बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा, परात, साल काढायचं सोलणं, सुती पंचा, झाकणाची काचेची बाटली

यातलं पनीर आणि शेंगदाणे बदलले तरी चालतील. चाळणी आणि परात मात्र लहान घेऊ नका.

१. भाजी निवडा

झुकिनी दादरच्या भाजी बाजारात, क्रॉफर्ड मार्केटमध्ये, वांद्र्याच्या पाली मार्केटमध्ये सहज मिळते. विक्रेते तिला ‘इंग्लिश भाजी’च्या टोपलीत ब्रोकोली आणि रंगीत ढोबळी मिरचीशेजारी ठेवतात. हिरवी आणि पिवळी अशी दोन्ही दिसते. चवीत फारसा फरक नाही, पिवळी ताटात छान दिसते इतकंच. मोठी, जाडजूड झुकिनी स्वस्त पडेल असं वाटून घेऊ नका. आत बिया आणि भुसभुशीत गर निघतो. वीतभर लांबीची, हाताला घट्ट लागणारी, सालावर चकाकी असलेली घ्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली असेल तर देठाकडचं टोक दाबून बघा, सडायला सुरुवात तिथूनच होते.

पण झुकिनी नाही मिळाली, किंवा भाव ऐकून नकोशी वाटली, तर खुशाल दुधी घ्या. पास्त्यात दुधी म्हटल्यावर लोक नाक मुरडतात. सिसिलीत मात्र दुधीच्याच जातीचा लांबलचक भोपळा उन्हाळ्यात पिकतो, तो ‘कुकुत्सा’ म्हणून खातात, आणि त्याच्या वेलाचे कोवळे शेंडे-पानं पास्त्याबरोबर शिजवतात. तेव्हा इटालियन पदार्थात आपण काही घुसडतोय असं मनात आणू नका. दुधी कोवळा हवा: नख लावलं की सहज रुतलं पाहिजे आणि सालावर बारीक लव दिसली पाहिजे. भाजीवाला नख लावू देत नसेल तर दुधी हातात तोलून बघा. आकाराच्या मानाने हलका लागला तर आत बिया धरल्यात.

शिराळं माझं आवडतं. त्याला स्वतःचा गोडवा असतो, आणि काढलेल्या शिरांचं काय करायचं ते पुढे येईलच. लाल भोपळा घेतलात तर तो कच्चा किंवा अर्धकच्चा चालत नाही, नीट भाजावा लागतो. पडवळ मी घालत नाही. त्याचा वास पानांवर कुरघोडी करतो.

२. कच्चा तुकडा चाखा

ही पायरी कुठल्याही पाककृतीत सापडणार नाही, पण ती गाळू नका. दुधी, शिराळं, झुकिनी यांपैकी काहीही असो, चिरण्याआधी देठाकडचा आणि दुसऱ्या टोकाचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवा. कडू लागला तर थुंकून टाका आणि ती अख्खी भाजी फेकून द्या. ‘कडू भाग काढून टाकू’, ‘मीठ लावून ठेवू’ असले उपाय इथे लागू नाहीत. कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे हा कडूपणा येतो आणि शिजवल्याने तो जात नाही. अशा भाजीने जोराच्या उलट्या-जुलाब होतात, प्रसंगी जिवावर बेततं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी कडू दुधीच्या रसाचा अभ्यास केला, त्याचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कडू लागणारा रस पिऊच नये, असंच त्यांचंही सांगणं आहे. कारलं खातोच की, हा युक्तिवाद इथे चालवू नका.

३. भाजीतलं पाणी काढा

झुकिनी साल ठेवूनच चिरा. दुधीचं साल काढा, शिराळ्याच्या फक्त शिरा तासा. अर्ध्या बोटाएवढ्या जाडीच्या अर्धगोल फोडी करा. त्यापेक्षा पातळ केल्या तर तव्यावर लगदा होतो. दुधीत बिया दिसल्या तर मधला भाग चमच्याने खरवडून टाका.

फोडी चाळणीत घ्या, छोटा चमचाभर मीठ चोळा आणि चाळणी पातेल्यावर ठेवून वीस-पंचवीस मिनिटं विसरून जा. खाली पाणी साचेल. ते ओतू नका. दुधीच्या किंवा शिराळ्याच्या खारट पाण्यात थालीपिठाचं पीठ सुरेख भिजतं, फक्त पिठात वेगळं मीठ घालताना हात आखडता ठेवा. मग फोडी पंचात घेऊन हलक्या हाताने टिपून घ्या. पिळू नका.

हा वेळ वाचवायचा म्हणून लोक मीठ न लावताच पुढे जातात. मग सॅलड करताना छान दिसतं आणि दोन तासांनी वाडग्याच्या तळाशी फिकट हिरवं पाणी जमतं, लिंबाची चव त्यात वाहून जाते. लाल भोपळ्याला मात्र मीठ लावून ठेवायची गरज नाही.

झुकिनी अगदी कोवळी मिळाली तर ती कच्चीही चालते. सोलण्याने लांब, पातळ फिती काढायच्या, दहा मिनिटं मिठात ठेवायच्या, टिपायच्या आणि थेट घालायच्या. दुधी-शिराळ्याचं असं करू नका.

४. तवा तापवा, गर्दी करू नका

बिडाचा तवा धूर यायच्या बेतात येईपर्यंत तापवा. चमचाभर तेल फिरवा, फोडी एका थरात मांडा आणि दोन मिनिटं हात लावू नका. खालून तपकिरी डाग पडले की उलटा, आणखी मिनिटभर ठेवा, काढा. अर्धा किलो भाजीचे तीन घाणे होतात. सगळी एकदम टाकली तर तवा थंड पडतो, भाजीला पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी ती उकडते. नॉनस्टिक तव्याला एवढी आच देऊ नका. तोच असेल तर मध्यम आचेवर जास्त वेळ लागेल हे धरून चाला.

लाल भोपळ्याच्या सुपारीएवढ्या फोडी करा, तेल-मीठ चोळून मध्यम आचेवर झाकण न ठेवता परता. सुरीचं टोक सहज शिरलं की झालं. ओव्हन असेल तर २०० अंशांवर पंचवीसेक मिनिटं. मे महिन्यात वन-रूम-किचनमध्ये ओव्हन लावायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

भाजलेल्या फोडी ताटात पसरून ठेवा. ढीग केला तर त्यांच्याच वाफेने पुन्हा ओल्या होतात.

शिराळ्याच्या शिरा आता कामी येतात. त्याच तव्यावर अगदी थोड्या तेलात त्या मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, शेवटी दोन चमचे तीळ आणि चिमूटभर तिखट घाला, गार झाल्यावर हाताने चुरा. ही तर आपली नेहमीची शिरांची चटणी. इटलीत पास्त्यावर तळलेला पावाचा चुरा भुरभुरतात, त्या जागी ही घाला. मला तरी ती त्याहून उजवी वाटते.

५. पास्ता: मीठ जास्त, मिनिटं जास्त

पाकिटाच्या मागे घटकपदार्थ वाचा. ‘ड्यूरम गव्हाची सुजी’, म्हणजे कडक जातीच्या गव्हाचा रवा, असं लिहिलेलं हवं. मैद्याचा पास्ता गरम सॉसमध्ये खपून जातो, थंड सॅलडमध्ये ढवळताना तुटतो.

२५० ग्रॅमला अडीच लिटर पाणी आणि साधारण २५ ग्रॅम, म्हणजे मोठे दीड चमचे मीठ. बरंच वाटेल, पण बहुतेक मीठ पाण्याबरोबर निघून जातं, आणि थंड पदार्थात मीठ कमीच जाणवतं. पाण्यात तेल घालायची सवय असेल तर सोडा, त्याने काही साधत नाही.

‘पास्ता दाताला किंचित कच्चा लागला पाहिजे’ हे तुम्ही ऐकलं असेल. गरम पास्त्याला ते बरोबर आहे. फ्रीजमध्ये मात्र शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, रात्रीचा भात सकाळी टणक होतो तसाच. म्हणून पाकिटावर दहा मिनिटं लिहिली असतील तर सॅलडसाठी साडेअकरा-बारा मिनिटं शिजवा. गरम असताना थोडा मऊ वाटला तर थंड झाल्यावर बरोबर लागेल.

निथळल्यावर दोन रस्ते आहेत. फ्रीजमधलं प्यायचं पाणी आणि बर्फ तयार असेल तर त्यात पास्ता क्षणभर बुडवून, कोमट असतानाच निथळा. नळाचं पाणी नको: ते गरम असतं हे एक, आणि यानंतर पास्ता पुन्हा शिजणार नाही हे दुसरं. बर्फही प्यायच्याच पाण्याचा हवा. दुसरा रस्ता मला जास्त पसंत आहे. पास्ता परातीत पसरा, चमचाभर तेल चोळा आणि दहा-पंधरा मिनिटं पंख्याखाली ठेवा. यात चव धुतली जात नाही आणि वरचं पाणीही उडून जातं.

६. पानं जपा

आणल्या आणल्या जुडी सोडा. रबर आणि पिवळी पानं काढून टाका. कोथिंबीर आणि पार्सली कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात, फ्रीजमध्ये ठेवा. पुदिन्याचे देठ पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवले तर दोन-तीन दिवस टवटवीत राहतात.

बेझिल मात्र फ्रीजमध्ये ठेवू नका. दहा अंशांखाली त्याची पानं काळी पडतात. पेल्यात पाणी घालून ओट्याच्या सावलीतल्या कोपऱ्यात ठेवा, पाणी रोज बदला. बेझिल महाग वाटत असेल तर घरीच लावा. वाण्याकडे फालुद्यासाठी मिळणारा सब्जा हे बेझिलच्याच जातीचं बी. खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंडीत चिमूटभर पेरा, बहुतेकदा आठवड्याभरात उगवतं. पानांना इटालियन बेझिलपेक्षा थोडा बडीशेपेसारखा वास येतो, पण सॅलडला तो शोभतो. फुलांचे तुरे दिसले की खुडत राहा. आणि नाही, दारची तुळस चालणार नाही. तिची चव लवंगेकडे झुकणारी, तिखट. शिवाय तुळस पास्त्यात गेली तर घरातली मोठी माणसं काय म्हणतील तो विषय वेगळाच.

कुठल्या भाजीला कुठलं पान? झुकिनीला पुदिना, यात माझ्या मनात शंका नाही. नेपल्समध्ये तळलेली झुकिनी व्हिनेगर आणि पुदिन्यात मुरवतात, ती जोडी जुनी आहे. दुधीला बेझिल किंवा पार्सली. शिराळ्याला कोथिंबीर, देठांसकट बारीक चिरून. लाल भोपळ्याला शेपू, पण दोन काड्याच. जास्त झाला की बाकी काही लागतच नाही. पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या घरात साठलेल्या असतातच, त्यातली एखादी तळहातावर चोळून ड्रेसिंगमध्ये, म्हणजे सॅलडवर ओतायच्या तेल-लिंबाच्या मिश्रणात, घालायला हरकत नाही. ताज्या पानांऐवजी त्या वापरू नका एवढंच.

ही पानं कच्ची खायची आहेत. माती खाली बसेपर्यंत दोनतीनदा पाणी बदलून धुवा, शेवटचं पाणी प्यायचं घ्या, आणि पंचावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्या. दमट हवेत याला वेळ लागतो, म्हणून हे काम पास्ता उकळायला ठेवण्याआधी करा.

७. ड्रेसिंग

काचेच्या बाटलीत तेल, लिंबाचा रस, अर्धा चमचा मीठ, भरड कुटलेले मिरे आणि ठेचलेला लसूण घालून झाकण लावा आणि जोरात हलवा. झालं. साध्या पानांच्या सॅलडला तेल तिप्पट घेतात; इथे दुप्पट पुरे, कारण पास्ता आंबटपणा शोषून घेतो.

कैरीचे दिवस असतात, तेव्हा लिंबाऐवजी किसलेली कैरी घाला. ती आंबट आहे की नुसती तुरट, हे आधी चाखा. कैरीबरोबर अर्धा चमचा गूळ लागतो.

ऑलिव्ह तेल घेताना ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ बघा. ‘पोमेस’ लिहिलेलं, उरलेल्या चोथ्यातून काढलेलं स्वस्त तेल तळायला ठीक आहे, कच्चं खायला त्याला चवच नाही. घाण्याचं शेंगदाणा तेलही मस्त लागतं, विशेषतः शिराळं-कोथिंबिरीबरोबर. फ्रीजमध्ये ऑलिव्ह तेल गोठून पांढुरकं दिसतं. ते बिघडलेलं नसतं, थोड्या वेळात विरघळतं.

कांदा-लसूण चालत नसेल तर लसणाऐवजी लिंबाची साल किसून घाला. पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडवट असतो.

८. दोनदा कालवा

पास्ता कोमट असतानाच अर्धं ड्रेसिंग त्यावर ओता आणि मिसळा. कोमट पास्ता ते पितो. थंड झालेल्याच्या अंगावरून ते ओघळतं. फोडीही गार झाल्या, की त्या वेगळ्या डब्यात आणि पास्ता वेगळ्या डब्यात भरून दोन्ही लगेच फ्रीजमध्ये.

वाढायच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. आता भाजी, पनीर आणि उरलेलं ड्रेसिंग घाला. भाजी इतका वेळ वेगळी ठेवायचं कारण रंग: लिंबाच्या आंबटपणाने हिरव्या भाजीचा रंग मळकट होतो. चाखून मीठ बघा, कारण भाजीला आधीच लागलंय आणि फेटा असेल तर तोही खारट असतो. पानं अगदी शेवटी. पुदिना आणि बेझिल हातानेच तोडा, बोथट सुरीने कडा काळ्या पडतात. वरून शेंगदाणे आणि शिरांची चटणी घाला आणि ताबडतोब वाढा, नाहीतर कुरकुरीतपणा जातो.

९. डब्यात न्यायचं असेल तर

लोकांना मेयोनीजची भीती वाटते. खरं तर बाटलीतलं मेयो आंबट असल्यामुळे बऱ्यापैकी टिकतं. धोका शिजलेल्या पास्त्याचाच जास्त. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही जगतात, उबेत वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष नंतर गरम करूनही जात नाही. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त नको, असा साधा नियम आहे. विरारहून चर्चगेटला येणाऱ्याचा तास तर गाडीतच संपतो.

म्हणून डबा रात्रीच भरून फ्रीजमध्ये गार करा. पाण्याची छोटी बाटली पाऊण भरून फ्रीजरमध्ये गोठवा, सकाळी डब्याला चिकटून इन्सुलेटेड पिशवीत ठेवा. पानं आणि शेंगदाणे वरच्या कप्प्यात वेगळे. ऑफिसात पोचल्यावर डबा फ्रीजमध्ये टाका. तिथे फ्रीज नसेल तर त्या दिवशी पोळी-भाजी न्या. डबा स्टीलचा किंवा काचेचा घ्या, लिंबामुळे ॲल्युमिनियमचा नको.

१०. उरलं तर

पानं न घातलेलं सॅलड फ्रीजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं. दुसऱ्या दिवशी कोरडं वाटेल. चमचाभर तेल, थोडं लिंबू आणि नवी पानं घातली की पुन्हा जागं होतं. पानं घातलेलं त्याच दिवशी संपवा. जेवताना टेबलावर तासभर राहिलेलं पुन्हा फ्रीजमध्ये ठेवू नका. पाहुणे येणार असतील तर थोडं-थोडं काढून वाढा, मोठा वाडगा आतच राहू द्या.